मारुती ८००चं हेड हाताने पोर्ट करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मी हेडची, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाची, कामं करतो. व्हॉल्व्ह बसतो ती सीट कापणं, व्हॉल्व्हची दांडी सरकते तो गाईड बदलणं, हेडचं बूड सपाट करणं (फेसिंग) हे रोजचं काम आणि पोर्टिंग, म्हणजे हेडमधल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा (पोर्ट) आतून सुधारणं, हा जिवाभावाचा विषय. जुनी ८०० हौसेने सांभाळणारी पोरं दर आठवड्याला तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत.

ही माहिती कोणत्या इंजिनाला लागू आहे?

मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसी एफ८बी इंजिनाला. तीन सिलिंडर, ६८.५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७२ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), वर व्हॉल्व्ह उघडणारा एक कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटर असो की एमपीएफआय (पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धत), हेडवरच्या कामाचा विचार तोच राहतो. बारा व्हॉल्व्हचं हेड वेगळं, त्यात पोर्ट बारीक आणि जागा अडचणीची असते, त्यामुळे पहिला हात तिथे साफ करू नका.

कंपनीने विचार करूनच हेड बनवलंय ना? आपण त्यात काय सुधारणार?

कंपनीचं डिझाईन चांगलंच आहे. आपण डिझाईन बदलत नाही, ओतकामात राहून गेलेलं पुरं करतो. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. पोर्टची पोकळी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने, म्हणजे कोअरने, तयार होते. कोअर अर्धा मिलिमीटर सरकला तरी एका सिलिंडरचा पोर्ट एका अंगाला झुकतो. साचे जुळतात तिथे पातळ कड येते. नंतर मशीनवर सीटखालचा भाग कटरने गोल कापतात. कटर थांबतो आणि ओतकाम सुरू होतं, तिथे एक पायरी राहते.

ही पायरी स्वतः बघा. व्हॉल्व्ह काढून करंगळी सीटमधून आत घाला आणि नख खाली खाली ओढत न्या. सीटची रिंग गुळगुळीत लागेल, मग कापलेला भाग, आणि मग टक् करून नख एका धारेवर अडकेल. पुढे खरखरीत ओतकाम. तिन्ही सिलिंडरला ही धार सारखी नसते. लाखो हेड बनवताना प्रत्येकावर माणूस बसवून ती मारणं कंपनीला परवडत नाही. तुमच्याकडे एकच हेड आहे आणि चार रविवार आहेत.

फरक किती पडतो? खरं सांगा.

कार्ब्युरेटरच्या ८००ची ताकद ३७ हॉर्सपॉवर. पाच टक्के वाढ म्हणजे दोन हॉर्सपॉवरही नाहीत. कॅम तोच, कार्ब्युरेटर तोच, सायलेन्सर तोच ठेवून केवळ हेडच्या हातकामातून याहून फार मोठी अपेक्षा धरू नका. कोणी दहा हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणाला तर त्याच्याकडे हेड देऊ नका.

पण गाडी चालवताना जे जाणवतं ते आकड्यापेक्षा जास्त असतं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत असते आणि एका ठिकाणी तिचा दम सुटतो. चांगल्या कामानंतर ती ओढ थोडी पुढेपर्यंत टिकते आणि इंजिन वर चढताना कुरकुरत नाही. शिवाय जुन्या गाडीचे व्हॉल्व्ह बहुतेक वेळा गळत असतात. हेड उतरवल्यावर सीटचं काम होतं, गळती थांबते, आणि निम्मा फायदा त्याचाच असतो. याचं श्रेय पोर्टिंगला देऊ नये.

हवा आत शिरताना नेमकं काय घडतं?

हे समजून न घेता ग्राइंडर हातात धरू नका, म्हणून इथे जरा थांबतो.

इंजिन ५००० आरपीएमवर फिरतंय असं धरा. एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पिस्टन वरून खाली जायला सहा. व्हॉल्व्ह त्याच्या थोडा आधी उघडतो आणि थोडा नंतर मिटतो, पण मुख्य काम या सहा मिलिसेकंदांतच उरकतं. तेवढ्यात २६५ सीसीचा सिलिंडर भरायचा. तो ऐंशी टक्के भरतो असं धरलं तरी तिन्ही मिळून मिनिटाला सुमारे १६०० लिटर हवा आत जाते. दोनशे लिटरची आठ पिंपं, दर मिनिटाला.

हवेला वजन असतं आणि वजनाला जोर असतो. पिस्टन खाली पोहोचून वर फिरला तरी पोर्टमधून वेगाने येणारी हवा लगेच थांबत नाही, आणखी थोडी आत घुसते. हा फुकटचा भरणा वेगावर अवलंबून आहे. पोर्ट रुंद केला की वेग पडतो, भरणा कमी होतो, आणि कमी आरपीएमला पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून भिंतीला चिकटतात. म्हणून मोठा पोर्ट म्हणजे जास्त ताकद हा हिशेब रस्त्यावरच्या गाडीला लागू पडत नाही.

आता वळण. पोर्ट आडवा येतो आणि व्हॉल्व्हपाशी खाली वळतो. पंचगंगेचं वळण आठवा: पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला, आतल्या काठाला संथ पाणी आणि गाळ. हवेचं तसंच होतं. बाहेरच्या भिंतीने ती धावते आणि आतल्या वळणावर भिंत सोडते. या आतल्या वळणाला आम्ही आखूड बाजू म्हणतो. सगळ्या पोर्टचं भलं-वाईट या बोटभर जागेत ठरतं.

शेवटी व्हॉल्व्हचं तोंड. व्हॉल्व्ह थोडाच उघडलेला असताना हवा एका बारीक गोल फटीतून जाते. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह सीटपासून जितका उचलला जातो ते अंतर). हे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या गोलाएवढं व्हायला लिफ्ट व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढी लागते. ३६ मिमीचा व्हॉल्व्ह धरला तर ९ मिमी. त्याच्या आत फटच मालक असते. आणि व्हॉल्व्ह दर वेळी कमी लिफ्टमधून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. म्हणून सीट आणि तिच्या आसपासचा सेंटिमीटरभर भाग सर्वांत जास्त परतावा देतो.

अंदाजाऐवजी हवा मोजून हेड घडवण्याचं काम इंग्लंडच्या हॅरी वेसलेक यांनी मोठं केलं. १९५१ मध्ये आलेल्या ऑस्टिनच्या ए-सिरीज इंजिनाचं हेड त्यांच्याच विचारातून आलं. तेव्हापासून विद्या तीच आहे, आपण फक्त तिचा हातापुरता भाग वापरतो.

मग हात कुठे लावायचा?

क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की आधीचं काम वाया जातं.

पहिल्यांदा गाईड तपासा. व्हॉल्व्ह थोडा उघडून बाजूला हलवा. लडबडत असेल तर गाईड आधी बदला. सीट गाईडच्या मध्यावरून कापली जाते, म्हणून गाईड आधी, सीट नंतर. हेडला तडा आहे का, बूड सरळ आहे का, हेही आताच बघा. फेसिंग लागणार असेल तर ते किती, हे मनात धरून पुढे जा.

मग वाटी, म्हणजे सीटखालचा फुगीर भाग. नखाला लागलेली ती धार इथे मारायची. कटरची खूण आणि ओतकाम यांच्यामध्ये पायरी दिसू नये, एक उतार दुसऱ्यात विरून जावा. सीटच्या रिंगला बर (ग्राइंडरच्या टोकाचं फिरतं दातेरी हत्यार) लागता कामा नये. त्यासाठी जुना भंगार व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा आणि पोर्टच्या बाजूने काम करा. सीटच्या बाजूने जाताना रिंगपासून दोन-तीन मिमी लांब राहा आणि शेवटचा भाग पॉलिश पेपरने हातानेच मिळवा.

गाईड जिथे पोर्टमध्ये उतरतो तिथला ओतकामाचा उंचवटा हवेला आडवा येतो. त्याच्या दोन्ही कडा निमुळत्या करा, नावेच्या नाळेसारख्या. मधला गाईड कापू नका. तो व्हॉल्व्हची उष्णता हेडला देतो, आणि एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, तर त्याची फार गरज असते.

आखूड बाजूला फक्त धार मोडायची. वळण गोल राहिलं पाहिजे. वाट सरळ व्हावी म्हणून इथून धातू काढाल तर वळण आणखी तीक्ष्ण होईल आणि हवा अधिकच भिंत सोडेल.

पोर्टच्या मधल्या लांबीत कडा आणि गाठी तेवढ्या काढा. तळाला हात लावू नका. धातू काढायचाच असेल तर छताकडून, कारण हवा तिथून धावते.

जास्त खोदलं गेलं तर?

माझ्या सुरुवातीच्या हेडांपैकी एकावर मी हीच चूक केली. आखूड बाजू उतरवून पोर्ट सरळ केला, आतून सगळं चकचकीत केलं आणि फार समाधानाने इंजिन बांधलं. गगनबावड्याच्या घाटात जी गाडी आधी तिसऱ्यावर चढायची ती दुसरा मागायला लागली. कार्ब्युरेटर चार वेळा खोलला, टायमिंग दोनदा बघितलं. शेवटी दुसरं साधं हेड चढवलं आणि गाडी पुन्हा तिसऱ्यावर चढली. काढलेला धातू परत लावता येत नाही, ते हेड भंगारात गेलं.

पण ते मी फेकलं नाही. करवतीने प्रत्येक पोर्टवर उभं कापलं आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पोर्टच्या भिंतीपलीकडे पाण्याची वाट किती जवळ आहे. काही ठिकाणी भिंत जाड, काही ठिकाणी अगदी पातळ. तिला बारीकसं भोक पडलं तर पाणी पोर्टमध्ये येतं, आणि अॅल्युमिनियमचं वेल्डिंग करून ते वाचवणं हेडच्या किमतीच्या पुढे जातं. म्हणून पहिला सल्ला हाच: भंगारवाल्याकडून याच इंजिनाचं एक निकामी हेड आणा, कापा, आणि ते तुकडे काम करताना समोर ठेवा. दुसऱ्या निकामी हेडवर हात बसवा. तिसरं तुमचं.

हत्यारं कोणती लागतात?

डाय ग्राइंडर, वेग कमी-जास्त करता येणारा. तो नसेल तर ड्रिलला लावायचा लवचीक शाफ्टही चालतो, काम सावकाश होतं एवढंच. कार्बाइड बर घेताना अॅल्युमिनियमसाठीचा, मोठ्या दातांचा मागा. बारीक दातांचा आणि ग्राइंडिंग स्टोन दोन्ही अॅल्युमिनियमने भरून जातात. बर मधूनमधून रॉकेलमध्ये किंवा डब्ल्यूडी-४० मध्ये बुडवला की चिकटत नाही. कानशीला खडू चोळायची जुनी युक्तीही इथे कामी येते.

पॉलिश पेपरसाठी काहीच विकत घेऊ नका. सहा मिमीच्या सळईला करवतीने टोकाशी चीर पाडा, पेपरची पट्टी चिरेत अडकवून गुंडाळा, ड्रिलला लावा. ८० नंबर आणि १२० नंबर, बस. गोल कानस, अर्धगोल कानस, मार्किंगची शाई, कॅलिपर, चांगला दिवा. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हे नंतर बघू म्हणायचं सामान नाही, ते असल्याशिवाय सुरुवातच करू नका. अॅल्युमिनियमचा कीस डोळ्यात गेला तर चुंबकानेही निघत नाही. हातमोजे मात्र फिरत्या बरजवळ घालू नका.

खरा खर्च हत्यारांचा नसतो. गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह सील, सीट कटिंग, फेसिंग आणि हेड उतरवलंच आहे तर नवा टायमिंग बेल्ट, पैसे इथे जातात. म्हणून एरवीही हेड उतरवायची वेळ येईल तेव्हाच पोर्टिंग करा. मग पोर्टिंगला फक्त तुमचा वेळ लागतो.

इनटेकचा, म्हणजे हवा आत येण्याचा, पोर्ट आरशासारखा पॉलिश करू का?

नको. कार्ब्युरेटरच्या गाडीत पोर्टमधून हवेबरोबर पेट्रोलचे थेंब जातात. आरशासारख्या भिंतीवर ते ओघळ होऊन वाहतात. ८० नंबरच्या पेपरची खरखर असली की ओघळ मोडत राहतो आणि पेट्रोल पुन्हा हवेत मिसळतं. एक्झॉस्टचा पोर्ट मात्र जितका गुळगुळीत कराल तितका चांगला, तिथे कार्बन कमी धरतो.

गॅस्केट मॅच म्हणजे काय?

मॅनिफोल्ड (हेडला जोडलेला हवेचा किंवा धुराचा नळ) आणि हेड यांची तोंडं एकमेकांना जुळवणं. तोंडाला शाई लावा, नवं गॅस्केट डॉवेल किंवा बोल्टवर नेमकं बसवा, आतल्या कडेने सुईने रेघ मारा. रेघेच्या आत जिथे धातू डोकावतो तेवढाच काढा आणि पोर्टमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर आत जाईपर्यंत तो उतार विरवा. फक्त तोंडाशी खड्डा करून सोडलात तर हवा तिथे पसरेल आणि पुन्हा आवळेल, म्हणजे होतं त्याहून वाईट.

गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा बरंच मोठं असेल तर त्याच्या मापाने पोर्ट वाढवू नका. आणि हवेला समोरून पायरी आडवी येऊ देऊ नका: इनटेकला मॅनिफोल्डचं तोंड हेडएवढं किंवा केसभर लहान, एक्झॉस्टला मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा थोडं मोठं. एक्झॉस्टची ती छोटी पायरी उलटा येणारा धूरही अडवते.

व्हॉल्व्ह आणि सीटचं काम बाहेर द्यावं का?

हो. हे एक काम मशीनवर, चांगल्या हाताकडून करून घ्या. तीन कोन मागा: ४५ अंशांवर व्हॉल्व्ह बसतो, त्याच्या वर ३० आणि खाली ६०, म्हणजे हवा टोकदार कोनावरून न घसरता हळूहळू वळते. बसायच्या पट्टीची रुंदी मॅन्युअलप्रमाणे ठेवा. अरुंद पट्टीने हवा जास्त जाते हे खरं, पण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह त्याच पट्टीतून थंड होतो, तिथे हाव धरली की व्हॉल्व्ह जळतो. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला लेथवर ३० अंशांचा हलका कट मिळाला तर घ्या. थोड्या पैशांत सर्वांत जास्त देणारं काम ते आहे.

पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणं घरी करा. राखाडी, सलग, सगळीकडे सारख्या रुंदीची रिंग दिसली की थांबा. व्हॉल्व्ह ज्या सीटवर घासला तिथेच बसला पाहिजे, म्हणून पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून नंबर घाला.

घरी हवा मोजता येते का?

तुलना करता येते, आणि तेवढी पुरे. घरचा व्हॅक्यूम क्लीनर, प्लायवूडची बंद पेटी, वर सिलिंडरच्या मापाचा पाइपचा तुकडा आणि त्यावर हेड. पेटीला पारदर्शक नळी यू आकारात लावा आणि तिच्यात शाईचे दोन थेंब टाकलेलं पाणी भरा. व्हॉल्व्हला हलकी स्प्रिंग घाला, डायल गेजने एकेक मिलिमीटर उघडा आणि पाण्याची पातळी लिहा. पेटीतली ओढ कमी झाली म्हणजे पोर्टमधून हवा जास्त आली. व्यवसायात २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर पाण्यावर मोजतात. घरचं यंत्र व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिथपर्यंत ओढत नाही, त्याची चिंता करू नका.

पोर्टच्या तोंडाशी मुलांच्या खेळण्यातल्या मातीने गोल काठ बनवा, नाहीतर धारदार तोंडच हवा अडवेल आणि तुम्ही त्याचंच मोजमाप करत बसाल. मग तारेला दोरा बांधून पोर्टमध्ये फिरवा. दोरा ताठ वाहतो तिथे हवा चांगली आहे. फडफडतो किंवा उलटा वळतो तिथे भिंत सुटली आहे. पहिल्यांदा आखूड बाजूला दोरा मागे वळताना बघितला तेव्हा माझ्या त्या वाया गेलेल्या हेडचं कारण डोळ्यांसमोर उभं राहिलं.

सर्वांत मोठा उपयोग तीन सिलिंडर सारखे आहेत का ते कळण्याचा. एक उत्तम आणि दोन मध्यम यापेक्षा तिन्ही सारखे चांगले.

कंबश्चन चेंबरचं (मिश्रण पेटतं त्या हेडमधल्या खोलगट जागेचं) काय?

टोकदार कडा मोडा, त्या लाल होतात आणि ठोका देतात. बाकी फक्त मोजा. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून काठाला ग्रीस लावा, भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ठेवा आणि मापाच्या सिरिंजने रॉकेल भरा. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ८.७ धरला तर एका सिलिंडरची वरची सगळी जागा सुमारे ३४.५ सीसी होते. त्यात एका सीसीचा फरक पडला की रेशो ०.२ ने हलतो. म्हणून तिन्ही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळवा. लहान चेंबर मोठ्याएवढा करायचा, उलटं करता येत नाही.

नंतर कार्ब्युरेटर सेट करावा लागतो का?

हो. हवा वाढली की मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट, म्हणजे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गाडी आधीच पातळ चालत असते. चढावर चांगलं ओढून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी चांगला, पांढरा धोक्याचा. पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर वाढवा. एमपीएफआयमध्ये हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो हिशेबात नसतो, तेव्हा तिथेही प्लग बघाच.

अॅव्हरेज वाढेल?

मुळात गळणारे व्हॉल्व्ह असतील तर वाढेल. नुसत्या पोर्टिंगने वाढेल असं मी कोणाला सांगत नाही.

गॅसवरची गाडी आहे, चालेल?

चालेल. गॅस कोरडा असल्याने पोर्टच्या खरखरीचा प्रश्नच येत नाही. पण गॅसवर सीट लवकर झिजून खाली बसते, म्हणून पट्टी अरुंद करू नका आणि टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळी फट) वरचेवर तपासा.

आरटीओची किंवा पीयूसीची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवर नोंदलेला तपशील बदलण्यावर आहे. आतून कडा मारल्याने सीसी, इंजिन नंबर, इंधन यांपैकी काही बदलत नाही. पीयूसी मात्र पास झालीच पाहिजे, आणि ज्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) आहे तिचा तो काढू नका. रॅलीत किंवा ऑटोक्रॉसमध्ये स्टॉक क्लासला (बदल न केलेल्या गाड्यांच्या गटात) उतरणार असाल तर आधी नियमपुस्तक वाचा. स्टॉक क्लासमध्ये पोर्टला बर लावणं बहुधा चालत नाही.

हेड बसवताना आणि पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं?

आधी धुणं. साबणाचं गरम पाणी, ब्रश, मग रॉकेल, मग हवा, आणि पुन्हा एकदा हे सगळं. तेलाच्या आणि पाण्याच्या प्रत्येक वाटेतून हवा मारा. कीस एका गाईडमध्ये राहिला तरी तो व्हॉल्व्ह खातो. पांढरं सुती फडकं पोर्टमध्ये फिरवून ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे.

सील बसवल्यावर हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि पोर्टमध्ये टॉर्च मारा. दहा मिनिटांत ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासा. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मधून बाहेर, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत दोन-तीन टप्प्यांत. टायमिंगच्या खुणा जुळवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, खोला.

चालू झाल्यावर रेडिएटरची टोपी उघडीच ठेवून गरम होईपर्यंत पाण्याकडे बघा. थर्मोस्टॅट उघडल्यावरही बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट बसलेलं नाही. पंख्याचा आवाज येईपर्यंत थांबा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, टॅपेट पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक आणि पाणी दोन्ही बघून मगच घाटाकडे गाडी काढा.